मॅडम, काल दव होतं

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही आणि जुना नंबर लागत नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितो आहे. कोणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेलच. यवतमाळ जिल्ह्यातलं आपलं खेडं, नववीचा वर्ग, खिडकीजवळचा तिसरा बेंच. ज्याच्या कथेत मुंबईचा बंगला होता, तो मी.

नायकाचं नाव विक्रम. दोन गाड्या, एक कुत्रा आणि भरपूर गर्व. शेवटी गर्वाचं घर खाली, त्याखाली पट्टीने मारलेली रेघ आणि तात्पर्य. मुद्दे, शीर्षक, तात्पर्य, ८०-९० शब्द. कथा म्हटली की आम्हाला एवढंच ठाऊक. वही परत देताना तुम्ही विचारलंत, "विक्रमच्या घरी पाणी कुठून येतं?" मी पटकन बोलून गेलो, "बोअरिंगवरून." पोट्टे पोट धरून हसले. तुम्ही हसला नाहीत. "बोअरिंगवर कोण जातं, विक्रम की त्याची आई? नंबर लागायला किती वेळ लागतो?"

हे सगळं मला पाठ होतं. पण ते वहीत उतरवायचं असतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "लेखक तं पुण्याचे असतात ना मॅडम?" तेव्हा तुम्ही वामन चोरघड्यांचं सांगितलंत. १९१४ साली नागपूर जिल्ह्यातल्या नरखेडला जन्मलेला माणूस, कथा लिहिता लिहिता १९७९ मध्ये चंद्रपूरच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. चंद्रपूर आम्हाला माहीत होतं. माझा मामा तिथे कोळसा खाणीत होता.

मग आठ दिवस तुम्ही कथा लिहूच दिली नाहीत. कुठेतरी बसायचं आणि लोक काय बोलतात तेवढंच लिहून आणायचं. 'सुंदर', 'खूप', 'दुःखी' हे शब्द बंद. कोणी एस.टी. स्टँडवर बसलं, कोणी पानठेल्यावर. कापसाचा दुसरा वेचा चालू होता, म्हणून रविवारी मी आईसोबत वावरात गेलो आणि धुऱ्यावर बसलो. संध्याकाळी बाभळीच्या फांदीला वजनाचा काटा टांगला. बाया एकेक करून आपापलं गाठोडं अडकवत होत्या. आईची बोटं बोंडांच्या टोकांनी चिरलेली, तिने ती तोंडात घातली होती. मी लिहिलं ते एवढंच:

"किती भरलं भाऊ?"
"बावीस."
"काल तं एवढ्याच गाठोड्यात सव्वीस भरलं व्हतं."
"काल दव होतं."

याच्यावर मी दीड पान 'गरिबांची पिळवणूक' लिहिली होती. काटेवाला मालक म्हणजे जवळजवळ राक्षस. तुम्ही ते दीड पान वाचलंत आणि विचारलंत, "याला दवाचं काय पडलं आहे?" मला सांगता येईना. "त्यालाच विचारून ये."

गेलो. तो काही परका नव्हता, आमच्याच गल्लीतला काका, तीन एकरवाला. तो म्हणाला, दवाचा कापूस काट्यावर जड लागते, बायांना मजुरी किलोमागे द्यावी लागते आणि तोच माल खरेदी केंद्रावर नेला, ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला, की गाडी परत. बंडीचं भाडं अंगावर. "दोन रात्री झोपलो नाही पोरा," असं तो म्हणाला आणि मला चहा पाजला. ज्याला मी राक्षस केलं होतं, त्याच्या घरी चहात साखर घालायची की नाही यावर काकू विचार करत होती.

कथा पुन्हा लिहिली. आईची बोटंही राहिली, काकाची झोपही. शेवटच्या चार ओळींवर तुम्ही पेन्सिलने फुली मारलीत. म्हणालात, "काट्यावर थांब." मला फार राग आला होता, आज कबूल करतो. त्या चार ओळी मला सगळ्यात जास्त आवडत होत्या.

भाषेचाही प्रश्न आला. 'तं', 'व्हतं' शाळेच्या वहीत कसं चालेल? स्टाफरूममध्ये कोणीतरी अशुद्ध म्हणालंच. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली 'धग' कादंबरी आणलीत, उद्धव शेळक्यांची, १९६० सालची, आणि त्यातले वऱ्हाडी संवाद मोठ्याने वाचलेत. मागच्या बेंचवरचा एक जण म्हणाला, "मॅडम, हे तं माही आजी बोलते." छापील पुस्तकात आजी सापडल्यावर आमचा वर्ग कसा गप्प झाला होता, आठवतं का तुम्हाला?

आणि तुम्ही लबाडही होतात थोड्या. "बोर्डाच्या पेपरात तात्पर्य लिहा बाबांनो, मार्क जातात. या वहीत मात्र दिसलं तर बघा." दहावीला मी तात्पर्य लिहून आलो. मार्क चांगले पडले.

तुम्ही तासिका तत्त्वावर होतात, हे तेव्हा आम्हाला कळत नव्हतं. तासाचे पैसे, तेही महिनोन्‌महिने अडकलेले, आणि त्यातून मला दोनशे पानी वही. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तर मराठीच्या तासाला दुसरे सर उभे. निरोप घ्यायचा असतो हेही आम्हाला उशिरा सुचलं.

आता मी तालुक्याला एका पतसंस्थेत लागलो आहे. रात्री लिहितो. यंदा एका लहानशा दिवाळी अंकात कथा आली, मानधन म्हणून अंकाच्या दोन प्रती मिळाल्या. एक प्रत तुमच्यासाठी ठेवली आहे. तुम्ही दिलेली वही अजून आहे. काट्याच्या कथेखाली तुमचा पेन्सिलचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर द्यायचं राहूनच गेलं: "कापूस मोजून झाल्यावर आईने गाठोड्याचं रिकामं फडकं कुठे ठेवलं?"

मला आठवेना. परवा आईलाच विचारलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "कोणाले याद हाय बाप्पा. तुह्याच अंगावर टाकलं असन. धुऱ्यावर कुडकुडत बसला व्हता तू."

तुमचा विद्यार्थी,
खिडकीजवळचा तिसरा बेंच