आहाज राजाला दिलेली खूण

नगर,
१४ डिसेंबर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. सोबतची येशूबद्दलच्या भाकितांची यादीही पाहिली. एका रकान्यात बायबलच्या जुन्या करारातलं वचन, समोर नव्या करारातली पूर्तता. हे सगळं मी खरंच मानतो का आणि मागाहून कुणी लिहून घातलं नसेल कशावरून, असं तू सरळ विचारलंस, ते बरं केलंस. नाताळ तोंडावर आलाय, मीही सध्या याच अध्यायांत बुडालोय. उत्तर जरा लांबेल.

दुसरी शंका आधी घेतो, ती लवकर मिटेल. १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत मेंढपाळांना जुन्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांतली यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाची गुंडाळी जवळजवळ पूर्ण आहे. कातड्याचे १७ तुकडे एकमेकांना शिवून केलेली, सात मीटरहून लांब. येशूच्या जन्माच्या निदान शंभर वर्षं आधीची ही नक्कल, आणि 'आम्हांसाठी बाळ जन्मले आहे' हे वचन तिच्यात आहे. येशूची गोष्ट वचनाला जुळवून सांगितली असं कुणी म्हणू शकेल, त्यावर वाद घालता येईल. पण वचन जुनं आहे, याबद्दल वाद नाही.

यादीवर माझा राग आहे तो वेगळ्याच कारणाने. तिने ही वचनं ज्या माणसांना सांगितली गेली, त्यांच्यापासूनच तोडून टाकली.

तिच्यातलं पहिलंच वचन घे: कुमारी गर्भवती होईल, पुत्र प्रसवेल, त्याचं नाव इम्मानुएल, म्हणजे 'आम्हांबरोबर देव'. हे कुणाला सांगितलंय? इसवी सनापूर्वी ७३५ च्या सुमारास यरुशलेमात आहाज नावाचा यहूदा राज्याचा तरुण राजा होता. अराम आणि इस्राएल हे उत्तरेकडचे दोन शेजारी एक होऊन त्याच्यावर चालून आले. त्याला हटवून आपला माणूस गादीवर बसवायचा त्यांचा बेत होता. रानातली झाडं वाऱ्याने हलावीत तसं राजाचं आणि प्रजेचं काळीज हललं, असं यशयाच्या सातव्या अध्यायात लिहिलंय. राजा परिटाच्या शेताकडे जाणाऱ्या वाटेवर, वरच्या तलावाच्या पन्हळीपाशी आहे. वेढा पडला तर पाणी पुरेल का, हे बघायला आला असावा. तिथे यशया आपल्या मुलाला घेऊन त्याला गाठतो आणि म्हणतो, घाबरू नकोस, ही दोघं म्हणजे धुमसत्या कोलितांची थोटकं आहेत. देवाकडे हवी ती खूण माग.

आहाज म्हणतो, मी मागणार नाही, मी देवाची परीक्षा पाहणार नाही. ऐकायला किती भक्तीचं! पण त्याने वेगळाच मार्ग धरला होता. मंदिरातलं सोनं-रुपं काढून त्याने अश्शूरच्या राजाला पाठवलं आणि निरोप दिला, 'मी तुमचा दास, तुमचा पुत्र. येऊन मला सोडवा.' सुधीर, इथे मी दर वेळी थांबतो. याच घराण्याच्या मूळपुरुषाला, दाविदाला, देवाने नाथान संदेष्ट्याकरवी सांगितलं होतं की तुझ्या वंशजाचा मी पिता होईन, तो माझा पुत्र होईल. त्या गादीवरचा माणूस परक्या सम्राटाला बाप म्हणतो. शिवाय या आहाजाने स्वतःच्या मुलाचा अग्नीत होम केला, हेही राजांच्या इतिहासात नोंदलंय. अशा माणसाला देव न मागता खूण देतो, आणि ती एका मुलाची.

आता यादीवाल्यांना आवडणार नाही असं एक सांगतो. ही खूण आधी आहाजासाठीच होती. त्या मुलाला बरंवाईट कळायच्या आत या दोन राजांचे देश ओसाड होतील, असं यशया पुढे स्पष्ट म्हणतो. तसंच झालं. इसवी सनापूर्वी ७३२ मध्ये अश्शूरने अरामची राजधानी दिमिष्क घेतली, मग दहा वर्षांनी इस्राएलची राजधानी शोमरोनही पडली. तेवढ्यावर हे संपायला हवं होतं. पण दोनच अध्यायांनंतर यशया त्या बाळाला अद्भुत मंत्री, समर्थ देव, सनातन पिता, शांतीचा अधिपती म्हणतो आणि दाविदाच्या गादीवर त्याच्या राज्याला अंत नाही म्हणतो. एवढी नावं पेलेल असा राजा त्या घराण्यात झाला का? आहाजाचा मुलगा हिज्कीया चांगला होता, पण त्यानेही बाबेलच्या वकिलांना आपला सगळा खजिना दाखवला. योशीया भला माणूस, तो मगिद्दोच्या लढाईत गेला. शेवटच्या सिद्‌कीयाच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले. गादी संपली. यशयाने सांगितलं होतं की इशायाच्या, म्हणजे दाविदाच्या बापाच्या, बुंध्याला धुमारा फुटेल. बुंधा म्हणजे झाड तुटलेलं, हे लोकांना तेव्हा उमगलं असेल. माझी श्रद्धा इथे टेकते. राजे जितके खचत गेले तितकं वचन मोठं होत गेलं.

म्हणून नव्या करारात मत्तय आपल्या शुभवर्तमानाचं पहिलं पान येशूच्या वंशावळीला देतो. आपण कंटाळून ती नावं ओलांडतो, पण त्यांत आहाज आहे! उरीयाची बायको आहे, मवाबी रूथ आहे, बाबेलला धरून नेलेला यखन्या आहे. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी इम्मानुएलचं वचन. ज्याने खूण नाकारली, त्याच्याच वंशात ती आली.

बेथलेहेमाबद्दल थोडक्यात. येशू जन्मला त्या लहानशा गावाचं नाव मीखा संदेष्ट्याने आधीच घेतलं होतं. येशूच्या जन्मावेळच्या हेरोद राजाने विचारल्यावर शास्त्र्यांनी ते वचन घडाघडा म्हणून दाखवलं, पण यरुशलेमाहून आठ-नऊ किलोमीटरवरच्या त्या गावी त्यांतलं कुणी गेल्याची नोंद नाही. गेले ते परदेशातले मागी, म्हणजे ज्ञानी लोक. लूक सांगतो तसे त्याआधी मेंढपाळ गेले, जिथे दावीद मेंढरं राखायचा त्याच मुलखातले.

तू ओव्यांचा माणूस, म्हणून एक आठवण करून देतो. गोव्यात फादर स्टीफन्सनी १६१६ साली छापलेल्या ओवीबद्ध ख्रिस्तपुराणात येशूच्या कथेआधी एक अख्खं पुराण जुन्या कराराला दिलंय. ही वाट पाहणं सांगितल्याशिवाय जन्म सांगता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

राहिला तुझा सगळ्यात अवघड प्रश्न: शांतीचा अधिपती आला, मग शांती कुठाय? यहुदी लोक हेच विचारतात, आणि तो प्रश्न मी हलका मानत नाही. लांडगा कोकराजवळ राहील हे यशयाचं वचन अजून बाकी आहे. आम्ही मंडळीत ख्रिस्तजन्माची गाणी म्हणतो आणि त्याच तोंडाने 'तुझे राज्य येवो' अशी प्रार्थनाही करतो. जे आलं ते मला पुरेसं खात्रीचं वाटतं, म्हणून उरलेल्याची वाट पाहतो.

यशयाचे सात ते बारा हे सहा अध्याय एका बैठकीत वाच, जमलं तर मोठ्याने. मग मत्तयचा पहिला. जिथे पटणार नाही तिथे समासात खूण कर आणि पुस्तक घेऊन २५ तारखेला ये, जेवायलाच ये. आईंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
शांतवन