उंदरांच्या वंशवृक्षातील एक तारीख

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या जनुकसंचाविषयी आपल्या विज्ञान पुरवणीत आलेल्या लेखात, लहान उंदीर (मस) आणि मोठा उंदीर (रॅटस) यांचे वंश सुमारे १ कोटी २० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले, असे विधान आहे. हा आकडा अनेक वर्षे असाच छापला जात आहे. तो कशावरून आला हे क्वचितच सांगितले जाते, आणि २०१५ नंतर तर तो या स्वरूपात मांडणे योग्यही राहिलेले नाही, म्हणून हे पत्र.

या आकड्याचे मूळ पाकिस्तानातील पंजाबच्या पोटवार पठारावर आहे. हिमालय उंचावत असताना नद्यांनी वाहून आणलेला गाळ तेथे शिवालिक स्तरांच्या रूपाने दीर्घकाळ साचत गेला आणि खडकांत टिकून राहिलेल्या चुंबकीय नोंदींमुळे या थरांचे वय बऱ्याच काटेकोरपणे ठरवता येते. उंदरांचे अवशेष शोधण्यासाठी संशोधक ही माती पाण्यात भिजवतात, बारीक चाळण्यांतून धुतात आणि चाळणीवर उरलेला ऐवज सूक्ष्मदर्शकाखाली कण न् कण निवडतात. हाती लागते ती बहुतेकदा दोनेक मिलिमीटरची एखादी सुटी दाढ.

पण त्या दाढेवर वंशाची ओळख स्पष्ट उमटलेली असते. उंदरांच्या उपकुळात वरच्या दाढेवर उंचवट्यांच्या तीन उभ्या रांगा असतात, तर हॅमस्टरसारख्या त्यांच्या पूर्वजांमध्ये दोनच होत्या. जीवाश्मशास्त्रज्ञ लुई जेकब्ज यांनी १९७७ मध्ये वर्णन केलेल्या, शिवालिकपैकी चिंजी नावाच्या थरांतील अँटेमस या सुमारे १ कोटी ३८ लाख वर्षांपूर्वीच्या उंदरात जिभेच्या बाजूची तिसरी रांग उगवलेली दिसते, मात्र तिचे उंचवटे शेजारच्या उंचवट्यांपासून अजून सुटे आहेत. त्याहून वरच्या, म्हणजे नंतरच्या थरांतील प्रोगोनोमिस या उंदरात तेच उंचवटे एकमेकांना जोडले जाऊन त्यांच्या आडव्या कमानी बनलेल्या आढळतात. एखाद्या सस्तन गटाचा आरंभ एकाच प्रदेशात, थरावर थर असा पाहायला मिळावा, ही माझ्या मते अत्यंत मोलाची गोष्ट आहे. आज सस्तन प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकी सुमारे चाळीस टक्के जाती कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या आहेत आणि त्यांत उंदरांचे हे उपकूळ सर्वांत मोठ्या गटांपैकी एक आहे, हे ध्यानात घेतले तर या दाढांचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

प्रोगोनोमिससोबत कार्निमाता नावाचा दुसरा वंशही तेथे सापडतो. पहिला मसच्या बाजूचा आणि दुसरा रॅटसच्या बाजूचा, असे मानून त्यांच्या विभक्त होण्याचा काळ हाच मस आणि रॅटस वेगळे होण्याचा काळ समजला गेला. जनुकांतील बदलांच्या वेगावरून काळ मोजणारे रेणवीय घड्याळ असंख्य अभ्यासांत याच तारखेवर लावले गेले. २०१५ मध्ये युरी किमुरा, जेकब्ज, लॉरेन्स फ्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की, कार्निमाता हा आफ्रिकेतील गवती उंदीर (आर्व्हिकँथिस) आणि आपल्याकडची मिलार्डिया ही उंदरांची प्रजाती यांच्या गटातला आहे. त्यामुळे हे जीवाश्म मस आणि आर्व्हिकँथिस यांच्या फाट्याचे किमान वय सांगतात, आणि ते १ कोटी ११ लाख वर्षे आहे. रॅटसची शाखा त्याआधीच फुटलेली होती. एका फाट्याची तारीख दुसऱ्या फाट्यावर लावली की त्याआधारे काढलेल्या इतर सर्व तारखाही सरकतात, म्हणून ही केवळ तपशिलाची दुरुस्ती नाही.

मिलार्डियाचे नाव आले म्हणून मराठी वाचकांसाठी एक नोंद. १९७५ मध्ये सिंहगडावरून ज्याचे वर्णन झाले तो कोंडाणा उंदीर याच प्रजातीचा आहे आणि आज त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते. गडावर चढणाऱ्या किती जणांना तो माहीत असेल, याची मला शंका आहे.

माझी विनंती एवढीच की, अशी तारीख छापताना ती कोणत्या जीवाश्मावर उभी आहे आणि ते किमान वय आहे की अंदाज, हे सांगणारे एक वाक्य सोबत द्यावे. आणि या विशिष्ट तारखेचा खुलासा पुरवणीच्या पुढील अंकात करावा.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे