सूचना: रविवारपासून स्की जंपची प्रॅक्टिस सव्वापाचला

मंडळी, नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू होऊन राहिला, त्यामुळे रविवारपासून प्रॅक्टिस साडेसहाला नाही तर पहाटे सव्वापाचला, नेहमीच्याच ग्राउंडवर, गवताच्या बाजूनं. सातच्या आत सगळं आटपायचं.

नागपुरात कसलं बे स्की जंपिंग (बर्फाच्या उतारावरून स्कीवर घसरत येऊन लांब झेप घेणं) म्हणून जे हसतात त्यांना सांगा, युरोपातले जंपर पण उन्हाळ्यात बर्फाशिवायच उडतात, टेकडीवर प्लास्टिकच्या मॅट अंथरून त्यावर पाणी मारतात, म्हणजे स्की नीट घसरते, १९५४ ला जर्मनीत ओबरहोफला हान्स रेनरनं हे आणलं आणि १९९४ पासून तर उन्हाळ्यातली ग्रां प्री (स्पर्धांची मालिका) पण होते. आपल्याकडे ती टेकडी नाही, म्हणून ते लोक जमिनीवर जे करतात तेवढंच आपण करायचं: गुडघे वाकवून, छाती मांड्यांजवळ, हात मागे, आणि तिथून एका झटक्यात उडी, समोरचा जोडीदार कमरेला धरून वर पेलतो. उडणाऱ्यानं नजर खाली टाकली की सगळं वजन पेलणाऱ्याच्या खांद्यावर येतं, हे कितीदा सांगायचं! पेलणाऱ्यानं घड्याळ, कडं, अंगठी काढून ठेवा.

चाकाची ट्रॉली फुटाळा तलावाच्या रस्त्यावर अजिबात नको, सकाळी तिथं आजोबा लोक फिरत असतात.

पाणी, ताक ज्याचं त्यानं आणा. तर्री पोहे नंतर, आधी नाही. येणार नसाल तर शनिवारी रात्रीच मेसेज टाका, जोड्या बदलाव्या लागतात.