गड्डा हाय मोठा

चि. पूर्वा हीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास असं तुला वाटलं, पण तो चालूच राहिला होता. मी तुझ्या आईला हाका मारत होतो, माझंही लक्ष नव्हतं. मग तुझ्या मैत्रिणीचा आवाज आला, "तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे गं?" आणि तू म्हणालीस, "काही नाही. ऊन आणि कापूस. बाबा मागे लागलेत म्हणून जायचं."

राग नाही आला. खोटं कशाला लिहू, थोडा आला. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं, की सव्वीस वर्षं मी तरी वेगळं काय सांगत आलो? एसटीचा ड्रायव्हर म्हणून लोणारच्या गाडीवर असताना केबिनजवळच्या सीटवर कुणी बाहेरगावचा पाहुणा बसला की विचारायचाच, "लोणारला काय आहे हो?" मी स्टेअरिंगवरून नजर न हलवता सांगायचो, "काई नाई. गड्डा हाय मोठा." अकरा वर्षं मी लोकांना त्या गड्ड्यापर्यंत नेऊन सोडलं, आणि स्वतः एकदाही खाली उतरलो नाही. सहलीची गाडी असली की पोरं उतरली की मागच्या लांब सीटवर आडवा व्हायचो. झोप महत्त्वाची, परतीची ट्रिप अंधारात असायची.

एकदा प्रासंगिक करारावर खानदेशातल्या एका शाळेची सहल घेऊन गेलो. सोबतचे एक सर आजारी पडले. बाई म्हणाल्या, "ड्रायव्हर काका, शेवटच्या पोरांच्या मागे तुम्ही चालाल का? कुणी रेंगाळायला नको." नाही म्हणता येईना.

लोणारची गंमत ही, की गावात पोचेपर्यंत काहीच दिसत नाही. बघायला आलेला माणूस डोंगर शोधत असतो. आपल्याकडे सगळं सपाट, पऱ्हाटी, तूर, टपऱ्या. चार पावलं जातो आणि जमीनच संपते. खाली वाटीसारखं विवर, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जवळजवळ १.८ किलोमीटर, दीडशे मीटरच्या आसपास खोल. उतारावर गच्च झाडी, तळाला हिरवट पाणी. पोरं चिडीचूप झाली. पन्नास पोरं चिडीचूप होणं म्हणजे काय, ते एसटीच्या ड्रायव्हरला विचार.

वर काठापाशी गोमुखाची धार आहे, पाणी गोड, बारमाही. तिथून खाली उतरलं की तळं खारट आणि बुळबुळीत, काठाला पांढरी खपली, आणि सडक्या अंड्यांसारखा वास. त्या बाईंनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. हळद. चिमूटभर माझ्याच तळहातावर ठेवली आणि ओंजळीतून तळ्याचं पाणी सोडलं. पिवळी हळद बघता बघता लाल झाली, विटेसारखी लाल. "क्षाराचं पाणी आहे," बाई म्हणाल्या, "कुंकू असंच तर करतात." मी हात धुतला नाही. मेहकरपर्यंत त्याच हातानं गाडी चालवली, स्टेअरिंगला डाग पडला, डेपोत मेकॅनिकनं विचारलं तर सांगता येईना.

त्या दिवसानंतर मी वाचायला लागलो. तू तेव्हा तिसरीत होतीस, वाचनालयातून पुस्तकं तूच आणून द्यायचीस, आठवतं? १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं लोणार 'शोधलं' म्हणतात. आपल्या लोकांना हसू येतं. ऐन-ए-अकबरीत लोणार आहे, काच आणि साबण करायचं सामान तिथं मिळतं असं त्यात लिहून ठेवलंय. लवणासुराची गोष्ट तर त्याहून जुनी, त्याला मारणाऱ्या विष्णूचं दैत्यसूदनाचं काळ्या पाषाणातलं देऊळ गावात उभं आहे. पण हा खड्डा ज्वालामुखीचा की उल्केचा, यावर शास्त्रज्ञ कितीतरी वर्षं भांडले. मग १९७० च्या दशकात, धडकेच्या दाबाशिवाय तयारच होत नाही अशी काच तिथल्या खडकात सापडली आणि भांडण मिटलं. वय आधी पन्नास हजार वर्षं सांगायचे, आता ५ लाख ७० हजारांच्या आसपास सांगतात. आपला काळा पाषाण आणि चंद्रावरचा खडक एका जातीचे, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारेही तिथं येतात. आणि मी सांगत होतो, गड्डा हाय.

२०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा तू लॉकडाऊनमुळे घरीच होतीस. तुझ्या पुण्यातल्याच आघारकर संस्थेनं नमुने तपासले. पाणी आटून खार वाढला, आणि खारात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांनी रंग सोडला, एवढंच. पाऊस आला, रंग गेला. त्याच वर्षी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव लागलं, त्याचं कुणाला काही नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस गाड्या करकरून लोक यायचे आणि काठावर उभं राहून विचारायचे, "गुलाबी कुठंय?" मोबाईलमधला फोटो तळ्यासमोर धरून ताडून पाहायचे. तुझ्या मैत्रिणींना आधीच सांगून ठेव, तळं हिरवं आहे.

सगळंच दाखवायच्या फंदात मात्र पडू नकोस. अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेणारा वराहदेव हा वाकाटकांच्या हरिषेण राजाचा मंत्री, आणि त्या राजाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशिम. मला हे कळलं त्या दिवशी मी वाशिमच्या स्टँडवर चहा पिताना उगाच ताठ बसलो होतो. पण ही गोष्ट ऐकवून पाहुण्यांना वाशिमला नेलंस तर त्या राजवाडा शोधत बसतील. गाडीत सांग, मधल्या रस्त्यात. राजवाडाच दाखवायचा तर येतानाच सिंदखेडराजा आहे, जिजाऊंच्या माहेरचा.

आपण दुसऱ्यांना हसतो, पण माझीही एकदा अशीच फजिती झाली. साकोलीच्या लग्नाला गेलो होतो, मे महिना. मला वाटलं आपल्यासारखाच भट्टीचा मुलूख असेल. सकाळी उठून बाहेर आलो तर समोर तलाव, पलीकडे आणखी एक, त्याच्यापलीकडे बोडी, म्हणजे छोटं तळं, आणि बांध्यांमधून हिरवागार उन्हाळी धान. मी विचारलं, हा तलाव कुणाचा? नवरदेवाचा काका म्हणाला, "मामा तलाव." मी म्हटलं, कोणाच्या मामाचा? लग्नघर हसून लोटपोट. माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वीच्या जमीनदारांचे तलाव, त्याचं 'मामा' झालंय. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले तलाव, भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत हजारोंनी आहेत. जन्मभर विदर्भात राहिलो आणि अर्धा विदर्भ पाण्याचा आहे हे मला पन्नाशीत कळलं. तेव्हा "ऊन आणि कापूस" म्हणालीस त्याचा फार दोष मी तुला देत नाही.

दोन दिवस जास्त काढता आले तर चिखलदरा करा. परतवाड्यावरून घाट लागतो, आणि अकराशे मीटरच्या वर पोचल्यावर तुझ्या मैत्रिणी स्वेटर शोधतील. स्वेटर आणायला सांग, माझं ऐक. डिसेंबरात विदर्भात थंडी असते हे पुण्यामुंबईच्या माणसाला पटवणं मला आजवर जमलेलं नाही. तिथं इंग्रजांनी लावलेली कॉफी आहे, झाडांच्या सावलीत. रबडी खा. आणि गाविलगड बघा. १५ डिसेंबर १८०३ ला तो वेलस्लीनं घेतला, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. पडक्या तटावर उभं राहून खाली मेळघाट पाहायचा, बाकी काही करायचं नाही. पॉइंटांची यादी घेऊन फिरणाऱ्या गाड्यांच्या मागे लागू नका.

समृद्धीवरून मेहकरला उतरा, मी नाक्यावर येतो. रात्री उशीर करू नका. तुरीच्या शेंगा भरल्यात, तुझी आई मिठात उकडून ठेवणार आहे, आणि एका दुपारी वावरात रोडगे लावू, वांग्याची भाजी मी करीन. त्या पोरींना तिखट चालतं का ते आधी कळव, म्हणजे ठेचा वेगळा काढता येईल.

लोणारला सकाळी लवकर जाऊ, वानरं आणि मोर तेव्हाच दिसतात. यंदा पाणी किती वर आहे ते मी डेपोतल्या पोरांना विचारून ठेवतो, कमळजादेवीच्या देवळापर्यंत जाता येईल की नाही ते त्यावर ठरेल. हळद आणू नकोस, पुडी आईनं बांधून ठेवली आहे. गुडघे आता पहिल्यासारखे नाहीत, पण मी उतरणार आहे. तुम्ही पुढं चाला, मी शेवटच्या पोरीच्या मागे येतो. चढताना थांबत थांबत येऊ.

तुझे,
बाबा