सिम्प्सन वाळवंटाचा बेत आणि वजनाचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या प्रवास पुरवणीत ऑस्ट्रेलियातील सिम्प्सन वाळवंटावरचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख होती. नियोजनाचा भाग मात्र ‘फोर बाय फोर गाडी भाड्याने घ्या, टाकी फुल करा आणि नाताळच्या सुट्टीत निघा’ एवढ्यावर आटोपला होता. या एका वाक्यात तीन चुका आहेत आणि तिन्ही महागात पडणाऱ्या आहेत. मुलाकडे-लेकीकडे ऑस्ट्रेलियात जाणारे बरेच वाचक असा लेख कापून जपून ठेवतात, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी तारीख. दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि क्वीन्सलंड या दोन्ही राज्यांतली सिम्प्सनची राष्ट्रीय उद्याने दरवर्षी १ डिसेंबर ते १५ मार्च बंद असतात. तिकडचा तो ऐन उन्हाळा. वाळवंटाच्या पश्चिमेकडील उडनाडाटा गावात २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आहे. १९६३ च्या नाताळात जवळच्याच बर्ड्सव्हिल ट्रॅकवर एका कुटुंबातले पाचही जण दगावले. वाट चुकली, पेट्रोल संपले आणि ते गाडी सोडून पाणी शोधायला निघाले. शोधपथकाला आधी गाडी सापडली, माणसे नंतर. गाडी बंद पडली तर तिच्यापासून हलायचे नाही, हा नियम तिथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. विमानातून गाडी दिसते, पायी चालणारा माणूस दिसत नाही.

जायचा काळ मे ते सप्टेंबर. म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी बरोबर जमते, दिवाळीची जमत नाही. जून-जुलैत दिवसा वीस-बावीस अंश आणि पहाटे शून्याच्या आसपास. महाबळेश्वरला नेलेल्या स्वेटरवर ही पहाट निभावत नाही.

आता मार्ग. वाळवंटात उत्तर-वायव्येकडून दक्षिण-आग्नेयेकडे पसरलेल्या वाळूच्या समांतर रांगा आहेत. पूर्व-पश्चिम जाताना त्यांतल्या हजाराहून अधिक ओलांडाव्या लागतात. रांगांचा पश्चिमेकडचा उतार सौम्य आणि पूर्वेकडचा उभा असतो, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे जावे. वाळवंटाच्या पश्चिम कडेच्या माउंट डेअरहून निघायचे, डलहौसीच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर मुक्काम करायचा, मग फ्रेंच लाइनने पोपेल कॉर्नर गाठायचा. तिथे दक्षिण ऑस्ट्रेलिया, क्वीन्सलंड आणि नॉर्दर्न टेरिटरी यांच्या सीमा मिळतात. पुढे क्यूएए लाइनने आयर क्रीक ओलांडून, शेवटी सुमारे ४० मीटर उंचीचे ‘बिग रेड’ टेकाड चढून पूर्वेकडचे बर्ड्सव्हिल गाव. एकूण सुमारे ५०० किलोमीटर. फ्रेंच लाइन ही १९६० च्या दशकात एका फ्रेंच कंपनीने तेलाच्या शोधासाठी पाडलेली सरळ रेघ आहे. ती प्रवाशांच्या सोयीसाठी आखलेली नव्हती, आणि ते पहिल्या तासातच कळते. सरासरी वेग ताशी १५ ते २५ किलोमीटर पडतो. चार ते पाच दिवस धरा. रिग रोड ही दक्षिणेकडची दुसरी वाट टेकाडांच्या बाबतीत मवाळ आहे, पण अंतर बरेच वाढते.

आयर क्रीकबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. वाळवंटात थेंबही पडलेला नसताना तिला पूर येतो. पाऊस पडतो शेकडो किलोमीटर वर क्वीन्सलंडात आणि पाणी कित्येक आठवड्यांनी इथे पोहोचते. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये तिथे मोठा पूर आला, तेव्हा खालच्या भागातल्या वाटांची गणिते महिनोन्‌महिने बदलली. निघायच्या आठवड्यात दोन्ही राज्यांचे रस्ते-अहवाल आणि उद्यान खात्याची सूचना पाहावी. ‘रस्ता बंद’ असा फलक असताना पुढे गेल्यास दंड तर होतोच, विमाही हात वर करतो.

विम्यावरूनच दुसरी चूक. भाड्याच्या बहुतेक फोर बाय फोर गाड्यांच्या करारात सिम्प्सन आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातली कॅनिंग स्टॉक रूट ही वाट यांना नाव घेऊन मनाई असते, किंवा लेखी परवानगी मागितलेली असते. गाडीचे पोट, छप्पर, पाण्याने झालेले नुकसान आणि पलटी हे सगळे साधारणपणे विम्याबाहेर. वाळवंटातून बंद गाडी ओढून आणायला काही हजार डॉलर सहज लागतात. नुसते ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ लिहिलेली शहरी एसयूव्ही इथे चालत नाही. कमी वेगात जास्त ओढ देणारा लो रेंजचा गिअरबॉक्स, पुरेशी उंची आणि हलक्या ट्रकच्या बांधणीचे, बाजू जाड असलेले टायर लागतात. लँडक्रूझर, पॅट्रोल, प्राडो अशी डिझेल गाडी उत्तम, कारण सुटे भाग आणि दुरुस्ती जाणणारा माणूस आडगावातही मिळतो. आदिवासी वस्त्यांतल्या पंपांवर साध्या पेट्रोलऐवजी बहुधा ‘ओपल’ मिळते. हुंगून नशा करता येऊ नये म्हणून बनवलेले हे इंधन साध्या इंजिनाला चालते, पण उच्च ऑक्टेन मागणाऱ्या गाडीची पंचाईत होते.

आता खरा मुद्दा, टाकी फुल करण्याचा. माउंट डेअर ते बर्ड्सव्हिल मध्ये एकही पंप नाही. डांबरी रस्त्यावर १०० किलोमीटरला १२ लिटर पिणारी गाडी वाळूत २० ते २५ लिटर पिते. वळसे आणि टेकाडावरचे फसलेले प्रयत्न धरून अंतर ६०० मोजा. २२ लिटरच्या हिशेबाने १३२ लिटर, त्यावर वीस टक्के राखीव, म्हणजे साधारण १६० लिटर. टाकी १३० लिटरची असेल तर २० लिटरचे दोन कॅन बरोबर हवेत, आणि ते केबिनच्या आत नकोत.

पाणी माणशी रोज ७ लिटर, पिणे आणि स्वयंपाक धरून. पाच दिवसांचा प्रवास, पाच दिवस अडकून पडण्याची तयारी, गाडीत दोन माणसे: १४० लिटर. हे एकाच टाकीत कधीही ठेवू नये. खडबडीत वाटेवर टाकीची शिवण किंवा नळीचा सांधा सुटतो, पाणी गुपचूप गळत राहते आणि संध्याकाळी तोटी उघडल्यावर कळते. निम्मे टाकीत, बाकीचे १० लिटरच्या कॅनमध्ये, असे वाटावे.

आणि इथेच बहुतेकांचा बेत कागदावर कोसळतो. गाडीचे कमाल मान्य वजन वजा तिचे रिकामे वजन, एवढेच सामान कायद्याने घेता येते. मोठ्या गाडीतही ते ७०० किलोच्या घरात असते. त्यात दोन माणसे १५०, पाणी १४०, जादा डिझेल कॅनसकट ४२, पुढचा लोखंडी बुलबार ७०, दुसरी स्टेपनी ३५, फ्रिज अन्नासकट ४५, हत्यारे आणि गाडी ओढण्याचे साहित्य ६०, तंबू-पथारी-शेगडी ७०. झाले ६१२ किलो, आणि छतावरचा कॅरिअर, कपडे, कॅमेरे अजून मोजलेलेच नाहीत. मागच्या सीटवर आणखी दोन पाहुणे बसवले की गाडी मर्यादेबाहेर गेलीच. वजन जास्त झाले की स्प्रिंगा बसतात, मागचे शॉकअप तापून तेल गाळू लागतात, चासीला चीर जाते आणि अपघात झाला तर विमा मिळत नाही. भरलेली गाडी निघण्यापूर्वी एकदा वजनकाट्यावर घाला. चार जणांना जायचे असेल तर गाड्या दोन न्या. तशीही एकट्या गाडीने पहिली खेप करू नये.

टायरमधली हवा ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. डांबरावर ३८ पीएसआय, खडीच्या वाटेवर २८ ते ३०, वाळूत १६ ते १८, रुतल्यावर १२. हवा कमी केली की टायरचा जमिनीवरचा ठसा लांबीने वाढतो आणि गाडी वाळू उकरण्याऐवजी तिच्यावरून जाते. जास्त हवेने चढणारे चाक जागच्या जागी फिरते आणि चाकोरीत खड्डे पाडते. त्या खड्ड्यांत मागून येणारा प्रत्येक जण आदळतो. कमी हवेवर वेग आणि वळण दोन्ही सांभाळावे: वेगाने टायरची बाजू तापून फाटते, झटकन वळवले तर टायर रिमवरून निसटतो. वाळू संपली की हवा भरायचीच. त्यासाठीचा कॉम्प्रेसर सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा नको. तो फ्यूज तेवढा प्रवाह सोसत नाही, पहिल्याच टायरला उडतो. चिमटे थेट बॅटरीला लागणारा घ्या, इंजिन चालू ठेवा आणि दोन टायरनंतर त्याला थंड होऊ द्या.

टेकाड चढण्याआधी स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करावा, नाहीतर चाक घसरताच तो इंजिनाची ताकद कापतो आणि गाडी चढावरच थांबते. सपाटीवरच वेग धरा, सरळ चढा आणि माथ्याच्या जरा आधी पाय सैल करा. पलीकडे वाट कुठे वळते ते दिसत नाही. नाही चढली तर रिव्हर्स टाकून आपल्याच चाकोरीतून सरळ खाली यायचे. उतारावर आडवी वळवलेली गाडी पलटते. एका टेकाडावर एका वेळी एकच गाडी. पुढच्या बाजूला उंच काठीवरचा झेंडा (सँड फ्लॅग) लावणे सक्तीचे आहे, त्याचे टोक जमिनीपासून किमान ३.५ मीटर. समोरून येणाऱ्याला माथ्यापलीकडून आधी तोच दिसतो. गाड्यांनी आपसांत बोलायचा यूएचएफ रेडिओ सिम्प्सनमध्ये चॅनल १० वर ठेवण्याची रीत आहे.

रुतल्यावर आधी फावडे, मग हवा कमी करणे, मग चाकाखाली घालायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि सर्वांत शेवटी दुसऱ्या गाडीने ओढणे. ताणणारा दोर ८,००० किलो क्षमतेचा, चासीला बोल्टने जोडलेल्या प्रमाणित हुकालाच अडकवायचा. मागच्या टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, कधीही नाही. हिसक्याने तो गोळा तुटतो आणि काच फोडून आत येतो; ऑस्ट्रेलियात अशी माणसे गेली आहेत. दोरावर जाड कापड टाका आणि बघ्यांना दोराच्या दीडपट लांब उभे करा. वाळूत जॅक रुततो, म्हणून खाली एक फूट चौरस जाड प्लायवूड हवे.

मोडते काय, तर नाळीदार पत्र्यासारख्या खडबडीत वाटेवर सर्व बोल्ट हळूहळू सैल होतात. बॅटरीची पट्टी, कॅरिअरचे नट, शॉकअपची बुशिंगे रोज संध्याकाळी पान्याने तपासा. फुफाट्याने एअर फिल्टर भरतो, एक जादा ठेवा. गवताच्या बिया रेडिएटरवर बसून इंजिन तापते. पुढे बारीक जाळी लावावी. स्पिनिफेक्स गवत गाडीखाली सायलेन्सरपाशी साचले की पेट घेते. अशा बऱ्याच गाड्या जळाल्या आहेत, आणि नव्या डिझेल गाड्यांचा धुराचा फिल्टर स्वतःला साफ करताना आणखी तापतो. दिवसातून दोनदा खाली वाकून ते गवत तारेच्या आकड्याने ओढून काढा, अग्निशामक हाताशी ठेवा. सुट्या भागांत बेल्ट, रेडिएटरचे होज, क्लिपा, फ्यूज, व्हीलनट, डिझेल फिल्टर, कुलंट, इंजिन ऑइल, पंक्चरच्या वाती आणि बांधायला लवचीक तार.

रात्री गाडी चालवू नये. कांगारू आहेत, गुरे आहेत आणि रानटी उंटही. या उंटांशी आपले दूरचे नाते आहे. १८६० मध्ये ऑस्ट्रेलिया दक्षिणोत्तर ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी उंट कराचीहून जहाजाने गेले, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होते. पुढे आलेल्या हजारो उंटांची मोकाट सुटलेली प्रजा आज तिथे आहे.

आईवडिलांना घेऊन जायचे असेल तर सिम्प्सनचा नाद सोडावा. चार दिवसांचे हिसके साठीपुढच्या कंबरेला सोसत नाहीत. भारताशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्य करार नसल्याने मेडिकेअर ही तिथली सरकारी आरोग्यसेवाही मिळत नाही. प्रवास विमा आडवाटेवरून उचलून नेण्याचा खर्च देतो का, ते आधी वाचून घ्या. त्यांच्यासाठी मरी ते मार्ला हा सहाशेहून अधिक किलोमीटरचा उडनाडाटा ट्रॅक कितीतरी बरा: कोरड्या हवेत खडीची वाट, मध्ये विल्यम क्रीकला मुक्काम, वाटेत आयर सरोवराचे दर्शन.

मोबाइलला रेंज नसते. संकटात उपग्रहामार्फत मदतीचा इशारा पाठवणारा ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन सरकारी नोंदणी करून घ्यावा, नोंदणी फुकट आहे. शिवाय सॅटेलाइट फोन किंवा संदेशयंत्र हवे, पण ते तिथेच भाड्याने घेऊन तिथेच परत करा. परवान्याशिवाय ही उपकरणे भारतात आणणे गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवासी महिलेला याच कारणाने अडवले होते. मुलाने कौतुकाने भेट दिलेले यंत्र बॅगेत घालून मुंबईला उतरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपले,
सिम्प्सनच्या वाटा परिचयाच्या असलेले काही मराठी वाचक,
ॲडलेड