काउंटरवरचा गोडवा घरी पोचत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी सरकारी बँकेत क्लार्क आहे, चौदा वर्षं झाली, त्यातली बहुतेक कॅश काउंटरवरच गेली. बँकवाल्यांबद्दल लोक काय बोलतात ते मला माहितीये, लंच टाईमचे मेसेज माझ्याही व्हॉट्सॲपवर येतात. त्यावर आज मला भांडायचं नाहीये. मला लिहायचंय ते घराबद्दल.

काउंटरवर बसलं की समोरचा प्रत्येक माणूस नात्यातला होतो. आजी, मावशी, काका, दादा असं म्हटल्याशिवाय आमच्याकडे बोलणं सुरूच होत नाही, आणि नुसतं म्हणून चालत नाही, तसं वागावंही लागतं. ऑगस्ट 2024 मध्ये लाडकी बहीणचे पहिले दोन हप्ते एकदम आले, तीन हजार रुपये, तेव्हा शटर उघडायच्या आधीच बायका पायरीवर येऊन बसलेल्या असायच्या. योजनेला मी नावं ठेवत नाही, कितीतरी बायका आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे पैसे काढायला आल्या होत्या आणि ते बघून बरं वाटायचं. पण काहींच्या खात्यात वर्षानुवर्षं व्यवहार नव्हता, मिनिमम बॅलन्सचा दंड साचलेला होता, पैसे जमा झाले तसे त्यातून कापले गेले, आणि हे त्या बाईला सांगायचं कोणी तर काउंटरवर बसलेल्या आम्ही.

साठीच्या एक मावशी होत्या, पावसात आलेल्या, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, पदराने हात पुसून त्यांनी ते पुढे केलं. पैसे कमी का म्हणून मला म्हणाल्या, "तू खाल्लेस का गं माझे पैसे?" मी तीनदा समजावलं, पाणी दिलं, मॅनेजरसाहेबांना विनंती अर्ज लिहून दिला, त्या अंगठा देताना रडायला लागल्या आणि मलाही भरून आलं, पण मागे तीस-चाळीस माणसं उभी, त्यामुळे आवंढा गिळला आणि म्हटलं, या काका, पुढे या. असे आवंढे दिवसातून किती गिळतो ते कुठल्याही रजिस्टरला लागत नाही. संध्याकाळी कॅश टॅली होते, एक रुपयाचा फरक आला तरी घरी जाता येत नाही. बाकीचं तसंच घेऊन निघायचं.

घरी पोचायला सात-साडेसात होतात. सासूबाईंना फॅमिली पेन्शन मिळते, त्या पासबुक घेऊन माझ्याकडे यायच्या, "अगं हे दोनशे छत्तीस रुपये कसले गेलेत बघ ना." मी म्हणायचे, उद्या बघते आई. असं आठ दिवस चाललं. एक दिवस घरी आले तर शेजारचा अकरावीतला मुलगा ओट्यावर बसून त्यांना पासबुक वाचून दाखवत होता आणि सांगत होता की बँकेने असेच कापलेत आजी. एटीएम कार्डाचे वर्षाचे चार्जेस असतात ते, मी दिवसातून दहा जणांना सांगते. मी चप्पल हातात घेऊन दारातच उभी राहिले, काय बोलावं सुचेना.

मुलगी सहावीत आहे. एका पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर ती ब्रँचमध्ये येऊन बाकावर बसली होती. परत जाताना स्कूटीवर मागून म्हणाली, "आई तू त्या मावशींना एकच गोष्ट चार वेळा सांगितलीस. मला दुसऱ्यांदा विचारलं की ओरडतेस." रागाने नाही म्हणाली, शाळेतलं काहीतरी सांगावं तसं सांगितलं. रात्री मला झोप लागली नाही.

मागे एका लेखात वाचलं की अमेरिकेतल्या आर्ली हॉचशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 सालीच एअर होस्टेस आणि उधारी वसूल करणाऱ्या लोकांचा अभ्यास करून याला ‘इमोशनल लेबर’ असं नाव दिलंय. म्हणजे पगारासाठी चेहरा आणि मन सांभाळणं हेही कामच. काही जण वरवर हसतात आणि काही जण खरंच मनात तसं आणतात, असंही त्यात होतं. मला वाटतं आमच्या गावाकडे नुसतं वरवर जमतच नाही, समोरची बाई आपल्या आईच्या वयाची असते, कधी माहेरच्या गावची निघते. मग घरी यायच्या वेळेला आत काही उरत नाही. मिस्टर म्हणतात, "दिवसभर लोकांशी बोलतेस आणि माझ्याशी दोन शब्द नाहीत." आधी मी भांडायचे, आता कळतंय की त्यांचंही खरंय. बरोबरचे सर आहेत, तेही सांगतात की घरी गेल्यावर टीव्हीसमोर गप्प बसतो, मुलं जवळ येत नाहीत. पण त्यांना तो गप्प बसायचा अर्धा तास मिळतो, माझ्यापुढे कणकेचा डबा असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की याला बाईचा चिडका स्वभाव म्हणू नका, कामाचा भाग म्हणून धरा. पैसे जमा होतात त्या आठवड्यात काउंटरच्या अलीकडे एक माणूस फक्त समजावून सांगायला बसवा. गर्दीच्या दिवशी दोन तासांनी दहा मिनिटं उठू द्या. तक्रार आली की वरून फोन करणाऱ्यांनी आधी आमच्याकडून काय झालं ते ऐकून घ्या. आणि जी बाई रडतीये तिलाच हसून विमा पॉलिसी विकायचं टार्गेट तरी काउंटरवाल्यांच्या गळ्यात नको, ते मला सगळ्यात जड जातं. नर्स, एसटीचे कंडक्टर, कॉल सेंटरची पोरं यांच्या घरीही हेच चालत असणार, त्यांनीही लिहावं.

आमच्या घरी सध्या ठरलंय की मी आल्यावर वीस मिनिटं कोणी काही विचारायचं नाही आणि चहा मिस्टर ठेवतात. रोज जमतं असं नाही. सप्टेंबर 2015 पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, गेल्या चौथ्या शनिवारी आईंचं पासबुक घेऊन बसले, दोनशे छत्तीसचं सांगितलं. मागच्या दोन वर्षांच्या एन्ट्र्या राहिल्यात, त्या पुढच्या सुट्टीच्या शनिवारी बघायच्या आहेत.

आपली,
एक बँक कर्मचारी