छप्पर गेलेल्या घरांना दिवाळीनंतरही माणसं लागतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना लागला की मान्सूनपूर्व तयारीच्या बैठकांच्या बातम्या येऊ लागतात. नालेसफाई, धोकादायक झाडं, बोटी, नियंत्रण कक्षाचे फोन, सगळ्याचा त्यात उल्लेख असतो. वादळात छप्पर उडालेलं घर पुन्हा उभं करायला कोण जाणार, हे मात्र कुठेच वाचायला मिळत नाही. म्हणून हे पत्र.

'निसर्ग' वादळ हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात कुठेतरी धडकेल, असा अंदाज होता. आमची वसई त्याच पट्ट्यातली. 3 जून 2020 रोजी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोलीची वाताहत झाली. आम्ही वाचलो, ते सापडले. ही गोष्ट आमच्या धर्मग्रामात (म्हणजे आमच्या चर्चशी जोडलेल्या ख्रिस्ती समाजात) बऱ्याच जणांना स्वस्थ बसू देत नव्हती. करोनामुळे तेव्हा निघता आलं नाही. राज्यातली प्रार्थनास्थळंच मुळी 16 नोव्हेंबरला उघडली. मग नाताळ आटोपल्यावर सुतार, वेल्डर, गवंडी आणि कॉलेजची काही मुलं अशी आमची तुकडी श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावी गेली. मीही त्यात होतो.

धान्य, चादरी, कंदील यांची मदत तोवर येऊन गेली होती. घरांवर ताडपत्र्या मात्र तशाच होत्या. वादळ आलं तेच पाऊस तोंडावर असताना. मिळतील ते पत्रे मिळतील त्या भावाने घेऊन लोकांनी कसाबसा पावसाळा काढला होता. त्यात सुपारीच्या बागा आडव्या झालेल्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण नवं रोप धरायला कितीतरी वर्षं जातात. घर दुरुस्तीचा पैसा ज्या बागेतून यायचा, ती बागच उरली नव्हती.

चर्चची माणसं आली म्हटल्यावर गावात थोडी कुजबुज झाली. ते साहजिक आहे, त्याचा राग मानण्याचं कारण नाही. आमच्या फादरांनी निघतानाच सांगितलं होतं की पत्रकं नाहीत, बॅनर नाही, कुणाच्या पडक्या घरापुढे फोटो नाहीत. आधी ग्रामपंचायतीत जायचं आणि ते दाखवतील त्या घराचं काम करायचं. दोन दिवसांत कुजबुज थांबली. गावकीने देवळाच्या सभामंडपात आमची उतरायची सोय केली. सकाळची प्रार्थना आम्ही आमची करायचो आणि कामाला लागायचो.

काम शिकवलं ते तिथल्या मिस्त्रींनी. एका अंगणात वादळात उतरलेल्या कौलांचा ढीग पडला होता. घरातल्या आजी एकेक कौल हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवून बघत होत्या. साबूत कौल खणखणतं, चीर गेलेलं बद्द वाजतं. मुलांनीही तसंच वाजवून कौलं निवडली आणि बरीचशी पुन्हा कामी आली. पत्र्याच्या घरांवर मिस्त्रींचं सगळं लक्ष पडवीच्या कडेवर. वारा पडवीखाली शिरून पत्रा वर ढकलतो, वरून जाणारा वारा तोच पत्रा ओढतो, आणि छप्पर कडेकोपऱ्यांतून सुटायला लागतं. पावसाची झड अडवायला पडवी लांब लागतेच, ती कापून चालत नाही. म्हणून कडेला जे-हूक (पत्रा आवळून धरणारे, इंग्रजी J च्या आकाराचे हूक) जवळजवळ मारायचे आणि वासे भिंतीला पट्टीने जखडायचे. शक्य असेल तिथे पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवायचं, म्हणजे एक गेलं तरी दुसरं राहतं. याला फार पैसे लागत नाहीत. जाणता माणूस लागतो आणि वर उभं राहायला चार धडधाकट पोरं लागतात.

मिस्त्रींची मजुरी आम्ही दिली आणि याबद्दल मी आग्रही आहे. बाहेरून फुकट हात आले म्हणून गावच्या कारागिराचा रोजगार बुडता कामा नये. स्वयंसेवकाने बिगाऱ्याचं काम करावं आणि मिस्त्री सांगेल ते ऐकावं. पुढच्याच मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा आम्ही घाबरून फोन लावले. त्या पडव्या जागच्या जागी होत्या.

माझ्या दोन मागण्या आहेत. एक प्रशासनाकडे. नुकसानभरपाई पंचनाम्यावर मिळते, पण पैसे खात्यात आले म्हणजे छप्पर चढलं असं होत नाही. दिवाळीनंतर तलाठी आणि ग्रामसेवकांनी पुन्हा एक फेरी मारावी, कोणती घरं अजून ताडपत्रीखाली आहेत ते टिपावं, आणि घरमालकांची संमती असेल तर ती यादी मदतीला येणाऱ्या संस्थांना द्यावी. दुरुस्ती करताना छप्पर कसं जखडायचं याचा एक पानी चित्रमय कागदही भरपाईसोबत मिळावा.

दुसरी मागणी किनाऱ्यावरच्या चर्चना, देवस्थानांना, मशिदींच्या जमातींना आणि तरुण मंडळांना. आपल्याकडे सुतार, वेल्डर, वायरमन कोण आहेत आणि हत्यारं काय आहेत, याची नोंद याच महिन्यात करून तहसील कार्यालयात द्यावी. वसईतून जे जमेल ते आम्ही करूच, पण श्रीवर्धनला दापोलीचा माणूस आमच्या कितीतरी आधी पोहोचेल.

आपण या विषयाला आपल्या अंकात जागा द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, वसई (जि. पालघर)